लंगडी कोंबडी बाजारात नेण्याआधी तिचे खुराडे तपासा

गावठी कोंबडी लंगडू लागली की तिचे काय करायचे, हा आपल्याकडे प्रश्नच मानला जात नाही. ती विकायची. घरी पाहुणा येणार असेल तर कापायची, नाही तर डालग्यात घालून चिपळूणच्या बाजाराला धाडायची किंवा दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याच्या हवाली करायची. व्यापारीही तिचा पंजा उलटा करून पाहत नाही. तो चाल पाहतो, भाव पाडतो, पाय सुतळीने बांधतो आणि मोटारसायकलला उलटी टांगून घेऊन जातो. पुढे ती कोणत्या दुकानात गेली आणि कोणाच्या ताटात पडली, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

या व्यवहारात भले कोणाचे होते? घरच्या बाईची अंडी देणारी कोंबडी मातीमोल भावाने जाते. दुकानदाराच्या गळ्यात असा माल पडतो की, गिऱ्हाइकाने पंजा पाहिला तर ते पुन्हा पायरी चढणार नाही. आणि ज्या कारणाने ती कोंबडी लंगडी झाली ते कारण खुराड्यात तसेच राहते. दोन महिन्यांनी दुसरी लंगडते. माझे म्हणणे असे की, वेळीच पाहिले तर ही कोंबडी बहुधा बरी होणारी असते, आणि तिला लंगडे करणारा दोष तिच्यात नसून आपण तिला दिलेल्या खुराड्यात असतो. तो दोष काढणे सुताराच्या, बुरुडाच्या आणि व्यापाऱ्याच्या हातात आहे. म्हणूनच हा विषय व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

प्रथम रोग समजून घेऊ. कोंबडीच्या तळव्याला बारीकसे कुसळ लागते, खरचटते किंवा सतत कठीण जागेवर टेकून घट्टा पडतो. त्या फटीतून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा हा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. माणसाच्या अंगावर गळू उठते तेही पुष्कळदा याच जंतूमुळे. तळवा सुजतो, गरम लागतो, मधोमध काळपट खपली धरते. माणसाच्या गळवातला पू पातळ असतो, तो वाहून जातो. कोंबडीचा पू मात्र घट्ट होऊन आत चण्याएवढी, कधी सुपारीएवढी कठीण गाठ बनते. म्हणून हे गळू दाबून फुटत नाही, आणि दाबणारा माणूस फक्त जंतू आणखी आत ढकलतो. पशुवैद्यक याला बंबलफूट म्हणतात. आपल्याकडे ‘कोंबडीला कुरूप झाले’ असे म्हणून विषय संपवतात. दुर्लक्ष केले तर सूज बोटांत चढते, मग सांध्यात आणि हाडात जाते. जंतू रक्तात उतरले की कोंबडी मरतेसुद्धा.

आता पोफळीसारख्या गावात हे का होते ते पाहा. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे हे गाव कोयनेच्या भूमिगत वीजगृहामुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण कोंबडीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वीजगृह नव्हे, पाऊस. सह्याद्रीला ढग अडतात आणि जून ते सप्टेंबरात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी या पट्ट्यात कोसळते. चार महिने अंगण ओले, खुराड्याची जमीन ओली, विष्ठा ओली. ओल्यात सतत उभी राहिलेली कोंबडी म्हणजे दिवसभर पाण्यात उभा राहिलेला शेतमजूर. तळव्याची कातडी भिजून मऊ पडते आणि जरा काही टोचले की फाटते. टोचायला तर सगळेच आहे. जांभ्याचा चिरा खरखरीत आणि छिद्राछिद्रांचा. कोंबडी पडवीच्या आढ्यावरून किंवा झाडाच्या फांदीवरून सकाळी उडी मारते ती त्याच चिऱ्यावर. खुराड्यात बसायला जी दांडी असते ती चिव्याची किंवा पोफळीच्या चिरफाळ्याची. ज्या झाडाच्या नावाचे हे गाव, त्याचे लाकूड कुंपणाला आणि छपराला उत्तम, पण चिरले की त्याच्या कडेला सुईसारखी कुसळे उभी राहतात. रात्रभर त्यावर पंजा आवळून बसणाऱ्या पक्ष्याला काय होत असेल, हे त्यावरून एकदा उघडा हात फिरवून पाहिले तरी कळेल.

यात अलीकडच्या काळात एक भर पडली आहे. जुनी गावठी कोंबडी अंगाने हलकी, दीड किलोच्या आतबाहेर. ती उडते, अलगद उतरते. तिच्या जागी आता गिरिराज, वनराज अशा सुधारित जाती आल्या आहेत. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची, वनराज हैदराबादच्या संशोधन संचालनालयाची. या जाती वाईट आहेत असे अजिबात नाही. गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, वनराज शंभराच्या वर जाते, आणि परसात भटकून पोट भरण्याची सवय दोघींनाही आहे. परंतु अंगाने त्या गावठीच्या जवळजवळ दुप्पट भरतात. हलक्या कोंबडीसाठी आजोबांनी केलेले खुराडे, चार हात उंचीवरची तीच दांडी, आणि तिच्यावरून उडी घेणार अडीच-तीन किलोचा पक्षी! पाय टिकणार कसा? योजनेतून पिल्ले वाटताना लसीचे वेळापत्रक सांगितले जाते, खाद्याचे प्रमाण सांगितले जाते. दांडीची उंची कोणी सांगताना माझ्या कानावर तरी आलेले नाही.

खाण्याचाही थोडा संबंध आहे. नुसत्या कण्या आणि कोंडा खाणाऱ्या कोंबडीला अ जीवनसत्त्व आणि बायोटिन अपुरे पडते, कातडी कमकुवत होते आणि जखम लवकर भरत नाही. शेवग्याचा पाला, हिरवी भाजी, थोडी सुकटाची भुकटी एवढ्याने ही उणीव बरीच भरून निघते. कोकणात यांपैकी काहीही विकत आणण्यासाठी दूर जावे लागत नाही.

उपचाराकडे वळू. कोंबडी रात्री खुराड्यातून उचलावी. अंधारात ती धडपड करीत नाही. एकाने तिला जुन्या कापडात पंखांसह गुंडाळून धरावे, दुसऱ्याने पंजा पाहावा. हातमोजे घालावेत, कारण हाच जंतू माणसाच्या हातावरच्या चिरेतून शिरतो. पंजा साबणाने धुऊन, सोसेल इतक्या कोमट पाण्यात मीठ टाकून दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा. यामुळे खपली मऊ होते. ती आपण होऊन सुटली तर सुटू द्यावी, ओढू नये. पंजा पूर्ण कोरडा करावा, बोटांच्या बेचकीतसुद्धा, आणि मग औषधाच्या दुकानात मिळणारे पोव्हिडोन आयोडीन लावावे. त्यावर स्वच्छ गॉजची घडी ठेवून पट्टी बोटांमधून काढीत घोट्याभोवती गुंडाळावी. पट्टी फार आवळू नये. तासाभराने बोटे गार किंवा निळसर दिसली तर ती सोडून पुन्हा बांधावी. हे रोज किंवा दिवसाआड करायचे. तोवर कोंबडी वेगळ्या खोक्यात, कोरड्या तुसाच्या जाड थरावर ठेवायची. दांडी द्यायची नाही, उडी मारू द्यायची नाही. सौम्य दुखणे दोन ते चार आठवड्यांत ओसरते. खर्च म्हणाल तर मीठ, एक बाटली आणि पट्टीचा गुंडाळा.

पण सूज बोटांपर्यंत किंवा नडगीवर चढली असेल, आत कठीण गाठ हाताला लागत असेल, कोंबडीने खाणे टाकले असेल, तर घरी हात लावू नये. गाठ काढण्याचे काम पशुवैद्याचे. तो जागा बधिर करतो, रक्तस्राव आवरतो, पूर्ण गाठ काढतो. दाढीच्या पात्याने तळवा चिरण्याचा जो प्रकार गावोगाव चालतो तो बंद झाला पाहिजे. त्यात कोंबडीला भयंकर वेदना होतात, अर्धी गाठ आतच राहते आणि नव्या जखमेतून जंतू पसरतात. तीच गोष्ट बिब्ब्याची, चुन्याची आणि रॉकेलची. बिब्ब्याने माणसाची कातडी भाजते, मग कोंबडीची का नाही भाजणार? हळद लावली तर बिघडत नाही असे पुष्कळ जण म्हणतात. नसेलही बिघडत, पण हळदीच्या भरवशावर आठ दिवस घालवले की आत गाठ पिकते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

एका कोंबडीसाठी तालुक्याला कोण जाणार, हा प्रश्न रास्त आहे. भाडे कोंबडीहून महाग पडते. यावर तोडगा असा की, वाडीतल्या चार घरांनी मिळून आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी आपापल्या कोंबड्या एकाच डालग्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात न्याव्यात. बाजाराला कोणी ना कोणी जातच असते.

औषधांबाबत व्यापारी बंधूंनी विशेष सावध राहावे. घरातल्या माणसाच्या तापाच्या उरलेल्या कॅपसूल कोंबडीच्या पाण्यात फोडून घालणे हा उपचार नव्हे. किती घातली, किती दिवस, कोणत्या जंतूसाठी, काहीच ठरलेले नसते. जंतू मरत नाही, फक्त त्या औषधाला निर्ढावतो. हा धोका किती गंभीर आहे, हे एका गोष्टीवरून कळेल. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले प्रतिजैविक कोंबड्यांना सर्रास दिले जात होते. केंद्र सरकारने २०१९ साली खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता त्याच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. डॉक्टरने प्रतिजैविक लिहून दिले तर त्याच्या वेष्टनावर अंडी आणि मांस किती दिवस वापरायचे नाही, ते छापलेले असते. छापलेले नसेल तर २०१२ च्या औषध नियमांतील दुरुस्तीप्रमाणे अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस थांबावे लागते. कोंबडी घेताना ‘हिला औषध दिले का, आणि कधी?’ एवढे विचारायला व्यापाऱ्याचे काही जात नाही.

प्रत्येक लंगडणे म्हणजे बंबलफूट नव्हे, हेही सांगितले पाहिजे. नडगीवरचे खवले उचललेले, खडबडीत, पांढुरके दिसत असतील तर तो खवल्याखाली राहणाऱ्या बारीक किडीचा प्रताप. त्याला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन काही आठवडे नियमाने चोळल्यास किडीची हवा कोंडते आणि ती मरते. फार झाले असेल तर डॉक्टर वेगळे औषध देतात. तळवा स्वच्छ आहे पण पाय लुळा पडला, मान वाकडी झाली, तर राणीखेत किंवा मरेक या रोगाची शंका घ्यावी. तेथे पट्टी बांधून काही होणार नाही, लसच पाहिजे, आणि तीही आधी. नडगी जांभळी पडली, तुरा काळानिळा झाला आणि पक्षी पटापट मरू लागले, तर मात्र एकही कोंबडी न हलवता सरकारी दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे.

हे शेवटचे वाक्य कोणी हलक्यावर घेऊ नये. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा लाखो पक्षी मारून पुरावे लागले. नवापूरपासून शेकडो कोस दूर असलेल्या, रोगाशी काडीचा संबंध नसलेल्या दुकानदारांचा धंदाही बसला. गिऱ्हाइकाला रोग ओळखता येत नाही. त्याला फक्त विश्वास ठेवता येतो किंवा काढून घेता येतो. एरवी पायावरच्या गळवाने एवढे संकट येत नाही हे खरे. पण कोंबडीची विक्री सगळीकडे विश्वासावर चालते, आणि सुजलेला पंजा दुकानात टांगलेला दिसला तर तो विश्वास हळूहळू झिजतो.

म्हणून व्यापाऱ्याने खरेदीच्या वेळी पंजा उलटा करून पाहावा. सूज असेल तर ती घरमालकिणीला दाखवावी आणि कोंबडी परत द्यावी, ‘महिनाभर उपचार कर, मग पुऱ्या भावाने घेतो’ असे सांगून. हा सल्ला भोळेपणाचा वाटेल. पण गावठी कोंबडी आणि गावठी अंडी यांना फार्मच्या मालाहून जो चढा भाव मिळतो, तो कशाचा मिळतो? गिऱ्हाईक समजते की, हा पक्षी मोकळा फिरला, निरोगी वाढला. ऐब लपवून माल विकू नये हा आपल्या तिजारतीचा जुना दंडक आहे आणि हलालच्या दुकानावर गिऱ्हाईक येते ते याच भरवशाने. दुखणे पायापुरतेच असेल तर मांस तपासणीत तेवढा भाग काढून टाकतात. पण अंगभर पसरले असेल तर पूर्ण पक्षी बाद धरतात. पंजे सूपसाठी वेगळे विकणाऱ्यांनी तर सुजका पंजा मुळीच ठेवू नये. या जंतूचे विष उकळूनसुद्धा नाहीसे होत नाही.

दुसरी गोष्ट पाय बांधण्याची. सुतळीने करकचून बांधलेल्या नडगीवर वळ पडतात, कातडी सोलते, आणि तीच पुढे जंतूंची वाट होते. ती कोंबडी त्याच दिवशी कापली जाणार असेल तर दुकानदाराला फरक वाटत नाही. पण पाळायला म्हणून विकलेली कोंबडी घेणाऱ्याच्या घरी जाऊन आठवड्याने लंगडते आणि तो व्यापाऱ्याच्या नावाने बोटे मोडतो. प्राण्याला अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने त्याची ने-आण करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहेच. त्यापेक्षा बुरुडाकडून झाकणाचे, सपाट तळाचे डालगे करून घ्यावे आणि तळाशी तूस पसरावे. एका डालग्याला दोन-तीन मोसम मरण नाही.

आता कारागीर बंधूंसाठी. माझ्या मते या सगळ्या विषयात खरी कमाई तुमची आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या ३१ कोटी ७० लाखांवर गेली. २०१२ च्या मानाने ही वाढ सुमारे ४६ टक्के. त्याच काळात मोठ्या फार्मवरचे पक्षी अवघे साडेचार टक्के वाढले. म्हणजे खुराड्याची गरज वाढते आहे. पण बाजारात मिळते ते काय? लोखंडी जाळीच्या तळाचे पिंजरे. ती जाळी फार्मवरच्या हलक्या अंडी देणाऱ्या कोंबडीला एक वेळ चालेल; परसातल्या जड कोंबडीच्या तळव्याला ती कापते.

अतिपावसाच्या मुलखात चालेल असे खुराडे करणे अवघड नाही. जमिनीपासून हात-दीड हात वर उचललेली लाकडी फळ्यांची तळजमीन, पागोळ्यांचे पाणी आत येणार नाही असे पुढे झुकलेले छप्पर, वारा खेळण्यासाठी वरच्या बाजूला जाळी. बसायची दांडी दोन इंच रुंद, वरून सपाट आणि दोन्ही कडा रंधा मारून गोल केलेली, मग पॉलिश पेपरने घासलेली. ती तळापासून दीड फुटाहून उंच नको, आणि सगळ्या दांड्या एकाच पातळीवर हव्यात. नाही तर सर्वांत उंच दांडीवर बसण्यासाठी कोंबड्या भांडतात आणि एकमेकींना खाली पाडतात. चढायला आडव्या पट्ट्या मारलेली फळी लावावी म्हणजे उडी मारावी लागत नाही. एकही खिळ्याचे टोक आत राहता कामा नये. सुताराच्या नजरेला हे किरकोळ काम वाटेल, परंतु कोंबडीचा पाय याच किरकोळ कामावर टिकतो. लाकडाच्या वखारवाल्यांनाही येथे जागा आहे. कोरडा भुसा पिशव्यांत भरून पावसाळ्यात विकला तर त्याला गिऱ्हाईक मिळेल. फक्त तो भिजलेला किंवा बुरशी धरलेला नसावा, कारण बुरशीने कोंबडीची छाती धरते.

असा नमुना प्रत्येकाने नव्याने शोधत बसण्याची गरज नाही. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच मातीत काम करीत आहे, आणि पंचायत समितीत पशुसंवर्धनाचा विभाग आहे. सुतारकाम करणाऱ्या दोघा-तिघांनी मिळून तेथे जावे, कोकणातल्या पावसासाठी खुराड्याचे माप मागून घ्यावे, आपले माप दाखवून त्यात काय चुकते ते विचारावे. पिल्ले वाटण्याच्या योजनेत खुराड्यासाठीही काही तरतूद निघते का, हेही तेथेच विचारता येईल.

पोफळी, अलोरे, शिरगाव या पट्ट्यातून गुहागर–विजापूर रस्ता घाट चढतो. या रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या नजरेला पडेल असे एखादे तयार खुराडे दुकानापुढे मांडून ठेवले, तर त्यासाठी वेगळी जाहिरात लागणार नाही. मात्र मांडायचे ते मे महिन्यात. मृगाची पहिली सर पडली की खुराड्याची जमीन ओली होते, आणि त्यानंतर बनवायला टाकलेले खुराडे त्या वर्षीच्या कोंबड्यांच्या फारसे कामास येत नाही.